समीक्षेचा अधिकार कोणाचा? शिकागोतील ‘ओबासी’च्या कार्यशाळा आणि कृष्णवर्णीय कलेविषयीचे लेखन

१. दोन लोकार्पणे

१९६७ च्या ऑगस्ट महिन्यात शिकागो शहरात बारा दिवसांच्या अंतराने दोन कलाकृती लोकांसमोर आल्या आणि त्या दोन्हींवर ग्वेन्डोलिन ब्रुक्स या एकाच कवयित्रीने कविता लिहिल्या. १५ ऑगस्टला शहराच्या मध्यवर्ती भागात, सिव्हिक सेंटरच्या प्रांगणात, पाब्लो पिकासो यांच्या सुमारे ५० फूट उंचीच्या पोलादी शिल्पाचे अनावरण झाले. महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या उपस्थितीत पार पडलेला हा शासकीय समारंभ होता. २७ ऑगस्ट ही दुसऱ्या कवितेच्या शीर्षकात नोंदलेली तारीख आहे. ती कविता दक्षिण शिकागोतील ४३ वा रस्ता आणि लँगली ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील एका जुन्या दुमजली इमारतीच्या भिंतीविषयी आहे. या भिंतीवर कृष्णवर्णीय चित्रकार आणि छायाचित्रकार यांनी मिळून आपल्या समाजातील नायक-नायिकांची चित्रे रंगवली होती. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे ‘आदराची भिंत’, या नावाने ती पुढे ओळखली गेली. ब्रुक्स यांनी या दोन कविता ‘इन द मेका’ (१९६८) या संग्रहात एकाच शीर्षकाखाली शेजारी शेजारी ठेवल्या.

या दोन प्रसंगांतील फरक केवळ स्थळाचा किंवा आश्रयदात्याचा नव्हता. पिकासो यांचे शिल्प शहरात आले तेव्हा त्याच्या मागे अर्धशतकाची समीक्षा उभी होती. शिल्प दुर्बोध वाटले तरी ते महत्त्वाचे आहे हे सांगणारी ग्रंथसंपदा, संग्रहालये आणि वृत्तपत्रांतील स्तंभ अस्तित्वात होते. लँगली ॲव्हेन्यूवरील भिंतीला अशी कोणतीही पूर्वतयार भाषा उपलब्ध नव्हती. ती चित्रे कोणत्या निकषांवर पाहायची, त्यांविषयी कोणी लिहायचे आणि ते कोठे छापायचे, हे प्रश्न भिंत रंगवणाऱ्यांनाच सोडवावे लागणार होते. त्यासाठी त्यांनी निवडलेले माध्यम कार्यशाळेचे होते.

कृष्णवर्णीय सौंदर्यशास्त्राची चर्चा सामान्यतः काही घोषणापत्रे आणि काही संपादित ग्रंथ यांच्या आधारे केली जाते. त्यामुळे हा विचार काही व्यक्तींनी आधी मांडला आणि नंतर कलावंतांनी तो स्वीकारला, असा समज होतो. शिकागोचा इतिहास याच्या बराचसा उलट आहे. तेथे निकष आधी सामूहिक व्यवहारातून, प्रत्यक्ष निवडी करताना आणि त्यांविषयी भांडताना तयार झाले. त्यांना लिखित सिद्धान्ताचे रूप मागाहून आले. या व्यवहाराचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ही दोन्ही त्या भिंतीच्या चार-साडेचार वर्षांच्या आयुष्यात स्पष्टपणे दिसतात.

२. पूर्वपीठिका

कृष्णवर्णीय कलेविषयी लिहिण्याचा अधिकार हा प्रश्न १९६० च्या दशकात प्रथम उपस्थित झाला असे नाही. १९२६ साली ‘द नेशन’ या साप्ताहिकात जॉर्ज स्कायलर यांनी अशी वेगळी कला अमेरिकेत अस्तित्वातच नाही, असे प्रतिपादन केले आणि पुढच्याच अंकात लँग्स्टन ह्यूज यांनी त्याला उत्तर दिले. ह्यूज यांचा तो निबंध पुढील अनेक पिढ्यांचा आधार ठरला. दृश्यकलेच्या क्षेत्रात ॲलन लॉक यांनी १९३६ आणि १९४० मध्ये पुस्तके प्रसिद्ध केली, तर जेम्स ए. पोर्टर यांचा ‘मॉडर्न निग्रो आर्ट’ हा इतिहासग्रंथ १९४३ मध्ये आला. कृष्णवर्णीय चित्रकाराने आफ्रिकी वारशाकडे वळावे हा लॉक यांचा आग्रह पोर्टर यांना मान्य नव्हता. अमेरिकन भूमीवरील कलावंतांची सलग परंपरा कागदपत्रांनिशी दाखवणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटे. हे दोघेही वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते. त्यांचा वाद विद्वानांमधील होता आणि त्याचे व्यासपीठ ग्रंथ व नियतकालिके हेच होते.

शिकागोत याच काळात दुसरी एक परंपरा आकार घेत होती. १९३६ मध्ये रिचर्ड राइट यांच्या पुढाकाराने ‘साउथ साइड रायटर्स ग्रुप’ सुरू झाला. लेखकांनी एकत्र बसून एकमेकांचे लेखन वाचावे आणि त्यावर बोलावे, ही त्याची पद्धत होती. कृष्णवर्णीय लेखनाचा आराखडा मांडणारा राइट यांचा १९३७ चा प्रसिद्ध निबंध या वातावरणातच लिहिला गेला. १९४० मध्ये साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरील एका जुन्या निवासी वास्तूत ‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’ सुरू झाले. संघराज्य शासनाच्या कलाप्रकल्पाचे साहाय्य आणि वस्तीतील लोकांनी जमवलेला निधी या दोन्हींवर ते उभे राहिले. १९४१ च्या मे महिन्यात एलिनॉर रूझवेल्ट यांच्या उपस्थितीत त्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले.

त्याच वर्षी इनेझ कनिंगहॅम स्टार्क या श्वेतवर्णीय विदुषीने या केंद्रात कवितेची कार्यशाळा घेतली. तरुण ग्वेन्डोलिन ब्रुक्स आणि चित्रकार-कवयित्री मार्गारेट बरोज या तिच्या सहभागी होत्या. चित्रांच्या प्रदर्शनाखालीच कवितेची चर्चा चालावी, चित्रकारांनी कविता ऐकावी आणि कवींनी चित्रांवर बोलावे, ही सवय या वास्तूने लावली. शासकीय कलाप्रकल्प १९४३ मध्ये बंद झाला, तरी हे केंद्र स्वयंसेवकांच्या बळावर टिकले आणि आजही चालू आहे. पुढच्या पिढीला कार्यशाळा ही कल्पना बाहेरून आणावी लागली नाही, ती शहराच्या त्या भागात रुजलेली होती. मात्र १९४१ च्या कार्यशाळेत मार्गदर्शन करणारी व्यक्ती बाहेरची होती आणि तिने दिलेले निकषही त्या वेळच्या आधुनिक इंग्रजी कवितेचे होते. ब्रुक्स यांना १९५० मध्ये ‘ॲनी ॲलन’ या संग्रहासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका होत. या यशाने त्या निकषांची उपयुक्तता सिद्ध झाली, पण ते निकष कोणी ठरवायचे हा प्रश्न तसाच राहिला.

३. ‘ओबासी’ची रचना

१९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑर्गनायझेशन ऑफ ब्लॅक अमेरिकन कल्चर’ या संघटनेच्या नावातील आद्याक्षरांचा उच्चार ‘ओबासी’ असा केला जाई. योरुबा भाषेत ‘ओबा’ म्हणजे राजा अथवा प्रमुख, आणि हा ध्वनी नावात ऐकू यावा अशी योजना त्यामागे होती. संपादक हॉइट फुलर, समाजशास्त्राचे अभ्यासक जेराल्ड मॅकवर्टर (पुढे अब्दुल अल्कलिमात), कवी कॉनराड केंट रिव्हर्स आणि चित्रकार जेफ डोनाल्डसन हे तिच्या उभारणीत अग्रभागी होते. संघटनेने स्वतंत्र कार्यशाळांची रचना स्वीकारली. त्यांपैकी लेखकांची आणि दृश्यकलावंतांची या दोन कार्यशाळा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

फुलर यांचे स्थान या रचनेत विशेष होते. जॉन एच. जॉन्सन यांच्या प्रकाशनसंस्थेचे ‘निग्रो डायजेस्ट’ हे मासिक १९४२ मध्ये सुरू होऊन १९५१ मध्ये बंद पडले होते. १९६१ मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याचे संपादन फुलर यांच्याकडे आले. इतरत्र प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे संकलन असे जुने स्वरूप असलेल्या या मासिकाला त्यांनी वाङ्मयीन आणि वैचारिक वादांचे व्यासपीठ बनवले. जानेवारी १९६८ च्या अंकात त्यांनी अनेक कृष्णवर्णीय लेखकांकडे प्रश्नावली पाठवून मिळवलेली उत्तरे छापली. स्वतंत्र सौंदर्यदृष्टी असू शकते का, हा त्यांतील एक प्रश्न होता. मिळालेली उत्तरे परस्परविरोधी होती आणि फुलर यांनी ती तशीच प्रसिद्ध केली. त्याच वर्षी त्यांचा ‘टुवर्ड्स अ ब्लॅक एस्थेटिक’ हा निबंध प्रसिद्ध झाला व ॲडिसन गेल यांनी संपादित केलेल्या ‘द ब्लॅक एस्थेटिक’ (१९७१) या ग्रंथात तो पुनर्मुद्रित झाला. ज्यांना वैश्विक म्हटले जाते ते निकष एका विशिष्ट समूहाच्या अनुभवातून आलेले आहेत, हा या निबंधातील मुख्य मुद्दा होय. मात्र हा मुद्दा मांडताना फुलर यांनी शिकागोच्या लेखक-कार्यशाळेचे उदाहरण दिले आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. चालू असलेल्या कामाचे वर्णन करताना हा सिद्धान्त त्यांच्या हाती आला होता.

४. भिंत : निवड हीच समीक्षा

दृश्यकला-कार्यशाळेपुढे पहिला प्रश्न विषयाचा होता. विल्यम वॉकर यांना ४३ व्या रस्त्याचा परिसर जवळून परिचित होता आणि तेथील एका भिंतीवर चित्र काढण्याची कल्पना त्यांनी मांडली. कार्यशाळेने ती सामूहिक कृती म्हणून स्वीकारली. सिल्व्हिया अबरनॅथी यांनी संपूर्ण भिंतीची मांडणी आखली आणि तिचे विभाग पाडले. ऱ्हिदम अँड ब्लूज संगीत, जॅझ, रंगभूमी, साहित्य, धर्म, क्रीडा आणि राजकीय नेतृत्व असे ते विभाग होते. वॉड्सवर्थ जॅरेल, बार्बरा जोन्स (पुढे जोन्स-होगू), जेफ डोनाल्डसन, एडवर्ड ख्रिसमस, नॉर्मन पॅरिश, मिर्ना वीव्हर आदींनी ते रंगवले. रॉय लुइस, बिली अबरनॅथी, रॉबर्ट सेंगस्टॅक आणि डॅरेल काउहर्ड यांची छायाचित्रे रंगवलेल्या आकृत्यांच्या मधोमध बसवण्यात आली. कॅरोलिन लॉरेन्स यांनी शेजारचा वृत्तपत्रविक्रीचा ठेला रंगवला.

भिंतीवर कोणाला स्थान द्यायचे हे ठरवण्यासाठी सभासदांनी चर्चेअंती काही कसोट्या मान्य केल्या. त्या व्यक्तीच्या जीवनशैलीतून कृष्णवर्णीय जीवनाचे सौंदर्य प्रामाणिकपणे व्यक्त व्हावे, आपल्यापेक्षा कमी सुदैवी बांधवांचा तिला विसर पडलेला नसावा आणि तिचे काम इतके असामान्य असावे की दुसरे कोणी तिची जागा घेऊ शकणार नाही, असा त्यांचा आशय होता. या तीन कसोट्यांमध्ये पहिली सौंदर्यविषयक, दुसरी नैतिक आणि तिसरी गुणवत्तेची आहे. पारंपरिक समीक्षा ज्या गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवते, त्या येथे एकाच निर्णयात आणल्या गेल्या. म्हणून ही यादी करणे हे समीक्षेचेच कृत्य होते.

या निवडीतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांचा अभाव. राजकीय नेतृत्वाच्या विभागात माल्कम एक्स, मार्कस गार्वी आणि स्टोकली कार्माइकल यांना जागा मिळाली, किंग यांना मिळाली नाही. किंग यांनी १९६६ मध्ये शिकागोतच घरांच्या प्रश्नावर मोठे आंदोलन चालवले होते आणि त्याची परिणती झालेल्या समझोत्याने दक्षिण शिकागोतील अनेक तरुणांची निराशा केली होती. ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्यास त्यांच्या वगळण्यामागील संदर्भ उलगडतो. साहित्याच्या विभागात ग्वेन्डोलिन ब्रुक्स स्वतः होत्या, आणि अमिरी बराका यांची एक कविता तेथे अक्षररूपात रंगवली होती. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला चित्राबरोबर मजकूरही वाचायला मिळत होता.

परिसराने ही भिंत आपली मानली. वस्तीतील लोक येणाऱ्यांना चित्रांची माहिती सांगत, ती कोणी खराब करणार नाही याची काळजी घेत, आणि चित्रकार काम करीत असताना आपली मतेही ऐकवत. ‘एबनी’ मासिकाने डिसेंबर १९६७ मध्ये तिची दखल घेतली. त्या दृष्टीने भिंतीवरील पहिली समीक्षा तोंडी होती आणि ती पदपथावर झाली. पुढील काही वर्षांत डेट्रॉइटसह अनेक शहरांत अशा भिंती उभ्या राहिल्या.

५. लेखक-कार्यशाळेतील व्यवहार

लेखकांच्या कार्यशाळेचे काम संथ आणि दीर्घकाळ चालणारे होते. सभासदांनी आपले लेखन सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे, इतरांनी त्यावर स्पष्ट मत द्यायचे आणि लेखकाने ते ऐकून घ्यायचे, अशी साधी पद्धत होती. फुलर मार्गदर्शकाच्या भूमिकेत असत. डॉन एल. ली (पुढे हाकी मधुबुती), कॅरोलिन रॉजर्स आणि जोहारी अमिनी हे सुरुवातीचे सभासद, तर अँजेला जॅक्सन आणि स्टर्लिंग प्लम्प हे त्यानंतरचे. कार्यशाळेच्या नियतकालिकाचे नाव ‘नोम्मो’ होते. पश्चिम आफ्रिकेतील डोगोन परंपरेतील ही संज्ञा शब्दाच्या सर्जक शक्तीसाठी या चळवळीत रूढ झाली होती.

१९६७ मध्येच मधुबुती, रॉजर्स आणि अमिनी यांनी ४०० डॉलरच्या भांडवलावर आणि एका जुन्या मिमिओग्राफ यंत्रावर ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ सुरू केली. लेखन, त्यावरील चर्चा, मासिक आणि ग्रंथप्रकाशन ही साखळी काही मैलांच्या परिघात पूर्ण झाली. तिच्यातील कोणत्याही टप्प्यावर न्यूयॉर्कच्या प्रकाशकाची किंवा समीक्षकाची मान्यता आवश्यक उरली नाही. ब्रुक्स यांच्या भोवती जमलेल्या तरुण कवींचा याच वर्तुळाशी निकटचा संबंध होता. एका प्रसंगी हे कवी वस्तीतील मद्यगृहात शिरले आणि तेथील गिऱ्हाइकांना त्यांनी कविता वाचून दाखवल्या. हा अनुभव ब्रुक्स यांनी ‘रिपोर्ट फ्रॉम पार्ट वन’ (१९७२) या आत्मकथनात नोंदवला आहे. अर्ध्याहून अधिक आयुष्य छंदोबद्ध, संयत कविता लिहिलेल्या आणि राष्ट्रीय मान्यता मिळालेल्या कवयित्रीने तिशीच्या आतील कवींकडून शिकण्याची तयारी दाखवली, हे या कार्यशाळांचे एक लक्षणीय फलित म्हणावे लागेल.

समीक्षेच्या परिभाषेच्या दृष्टीने कॅरोलिन रॉजर्स यांचा सप्टेंबर १९६९ च्या ‘निग्रो डायजेस्ट’मधील निबंध अधिक विचारणीय आहे. नव्या कवितेचे वर्गीकरण करताना त्यांनी शोकगीत, स्तोत्र, सुनीत अशा प्रचलित प्रकारनामांकडे पाठ फिरवली आणि बोलीतील, रस्त्यावरील व प्रार्थनामंदिरातील शब्द उचलले. ‘सिग्निफाइंग’ म्हणजे आडवळणाने टोमणा मारीत बोलणे, ‘रॅपिंग’ म्हणजे समोरच्याशी थेट, ओघवते बोलणे, ‘शाउटिंग’ म्हणजे उपासनेतील भावावेगाचा उद्गार. हे सर्व त्यांच्याकडे काव्यप्रकार म्हणून येतात. या संज्ञा लिहिणाऱ्याला जितक्या परिचित होत्या तितक्याच ऐकणाऱ्यालाही होत्या. कविता ऐकून मद्यगृहातील श्रोता ज्या शब्दांत प्रतिक्रिया देईल, तेच शब्द समीक्षेच्या परिभाषेत आले. सिग्निफाइंग ही संकल्पना १९८० च्या दशकात हेन्री लुइस गेट्स यांच्या सिद्धान्तामुळे विद्यापीठीय अभ्यासात प्रतिष्ठित झाली. पण तिचा काव्यसमीक्षेतील पद्धतशीर वापर शिकागोच्या एका कार्यशाळेतील कवयित्रीने जवळजवळ वीस वर्षे आधी केला होता.

६. चित्रकारांनी स्वतःविषयी लिहिणे

भिंत पूर्ण झाल्यानंतर दृश्यकला-कार्यशाळा फार काळ टिकली नाही. तिच्यातील काही सभासदांनी १९६८ मध्ये नवा गट स्थापन केला, तो पुढे ‘ॲफ्रिकोब्रा’ या नावाने प्रसिद्ध झाला. डोनाल्डसन, वॉड्सवर्थ आणि जे जॅरेल, बार्बरा जोन्स-होगू आणि जेराल्ड विल्यम्स हे त्याचे संस्थापक. एक विषय सर्वांनी मिळून ठरवायचा, प्रत्येकाने त्यावर चित्र करायचे आणि मग सर्वांनी ते पारखायचे, ही त्यांची कार्यपद्धती होती. कृष्णवर्णीय कुटुंब हा पहिल्या विषयांपैकी एक होता. लेखक-कार्यशाळेची पद्धत येथे रंग आणि रेषा यांना लावलेली दिसते.

या चर्चांतून जी तत्त्वे निष्पन्न झाली ती गटाने स्वतःच लिहून प्रसिद्ध केली. डोनाल्डसन यांचा ‘टेन इन सर्च ऑफ अ नेशन’ हा लेख ऑक्टोबर १९७० मध्ये ‘ब्लॅक वर्ल्ड’मध्ये आला. ‘निग्रो डायजेस्ट’ने त्याच वर्षी हे नवे नाव घेतले होते. १९७३ मध्ये जोन्स-होगू यांनी गटाचा इतिहास आणि तत्त्वविचार लिहिला. वस्तीतील मुलांच्या आवडत्या गोड पेयावरून घेतलेले ‘कूल-एड’ रंग, वंगण लावलेले केस, चकाकते बूट व घामाने चमकणारी त्वचा यांतून आलेली ‘चमक’, संगीताच्या तालावर आधारलेली मुक्त समतोलता, आणि वास्तव व अमूर्त यांच्या मध्यबिंदूवरील आकृती असा या तत्त्वांचा आशय आहे. अक्षरांचा वापर हेही एक तत्त्व होते. वॉड्सवर्थ जॅरेल यांच्या १९७१ च्या ‘रेव्होल्यूशनरी’ या चित्रात अँजेला डेव्हिस यांची आकृती शब्दांनीच बनलेली आहे. चित्राचा अर्थ सांगणारा मजकूर चित्राबाहेरच्या समीक्षकावर सोपवण्याऐवजी तो चित्रातच लिहिलेला होता. या गटाने कमी किमतीत लोकांना घेता येतील अशी स्क्रीनमुद्रित चित्रे काढली. कलाकृतीचा प्रेक्षक आणि तिच्यावरील लेखनाचा वाचक एकच असावा, ही भूमिका त्यामागे होती.

ही भूमिका कितपत निकडीची होती हे न्यूयॉर्कमधील घटनांवरून कळते. १९६९ मध्ये मेट्रोपोलिटन संग्रहालयाने हार्लेम या वस्तीवर मोठे प्रदर्शन भरवले, पण त्यात कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रे आणि शिल्पकारांची शिल्पे नव्हती. छायाचित्रे आणि माहितीफलक यांतून वस्तीचे दर्शन घडवण्यात आले होते. त्याविरुद्ध निदर्शने झाली. वस्ती हा अभ्यासविषय आहे, परंतु ती स्वतः कला निर्माण करते आणि कलेविषयी मत बाळगते हे संग्रहालयाच्या कल्पनेत बसत नव्हते. शिकागोच्या कार्यशाळांनी याला पर्याय तयार केला होता.

७. समूह म्हणजे कोण?

कार्यशाळेच्या तत्त्वाचा कस मात्र याच भिंतीवर लागला. धर्माच्या विभागात वॉकर यांनी आधी एलायजा मुहम्मद यांचे चित्र काढले होते. माल्कम एक्स यांची प्रतिमा असलेल्या भिंतीवर आपल्या नेत्याचे चित्र असण्यास ‘नेशन ऑफ इस्लाम’ने आक्षेप घेतला आणि वॉकर यांनी त्या जागी १८३१ च्या गुलामांच्या बंडाचे नेते नॅट टर्नर यांना रंगवले. येथे आक्षेप उघडपणे आला आणि चित्रकाराने स्वतःच्याच विभागात बदल केला. दुसरा प्रसंग वेगळा होता. नॉर्मन पॅरिश यांनी रंगवलेला राजकीय नेतृत्वाचा विभाग वॉकर यांच्या पुढाकाराने पुसला गेला आणि त्या जागी युजीन एडा यांनी नवी चित्रे काढली. कार्यशाळेची त्याला संमती नव्हती.

भिंतीविषयी अंतिम शब्द परिसराचा आहे, संघटनेचा नाही, अशी वॉकर यांची धारणा होती. इतर सभासदांच्या दृष्टीने एकत्र बसून घेतलेला निर्णय मोडला गेला होता. दोन्ही बाजू ‘समाज’ याच शब्दाचा आधार घेत होत्या. एकीच्या मते समाज म्हणजे त्या कोपऱ्यावर राहणारे लोक, दुसरीच्या मते समाज म्हणजे त्याच्या वतीने विचार करणारी आणि आपसांत उत्तरदायी असलेली मंडळी. या वादात मध्यस्थी करू शकेल असे तिसरे पीठ नव्हते, कारण बाहेरचे पीठ नाकारूनच ही संघटना उभी राहिली होती. दृश्यकला-कार्यशाळा या घटनेनंतर विस्कळित झाली.

याच अडचणीचे दुसरे रूप स्त्री-लेखिकांच्या अनुभवात दिसते. रॉजर्स यांच्या कवितेतील शिवराळ भाषा स्त्रीला शोभत नाही, अशी टीका चळवळीतूनच झाली. तीच भाषा पुरुष कवींच्या लेखनात क्रांतिकारक मानली जात होती. हा आक्षेप रॉजर्स यांनी १९६९ च्या ‘साँग्ज ऑफ अ ब्लॅक बर्ड’मधील एका उपरोधिक कवितेचा विषयच केला. पुढे त्यांची कविता धर्मश्रद्धा आणि आई-मुलीचे नाते यांकडे वळली. गोऱ्या समीक्षकांचे वैश्विक निकष एकदेशीय आहेत, हा फुलर यांचा मुद्दा येथे चळवळीलाच लागू होतो. समूहाने ठरवलेला निकषही समूहातील प्रबळ गटाच्या अनुभवातून येऊ शकतो. तथापि रॉजर्स यांनी प्रतिवाद केला तो कवितेतून आणि त्याच वर्तुळातील वाचकांसमोर. पॅरिश यांना ती संधी मिळाली नव्हती. निकषाविषयी मतभेद होणे आणि निकषाची चर्चाच न होता निर्णय अंमलात येणे, यांतील अंतर या दोन उदाहरणांत स्पष्ट होते.

आर्थिक परावलंबनाची मर्यादाही होतीच. ‘ब्लॅक वर्ल्ड’ हे जॉन्सन यांच्या मालकीचे होते. वाचकांनी आणि लेखकांनी निषेध नोंदवूनही ते १९७६ मध्ये बंद करण्यात आले. फुलर यांनी अटलांटा येथे १९७७ मध्ये ‘फर्स्ट वर्ल्ड’ सुरू केले आणि १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. मूळ भिंत १९७१ मध्ये लागलेल्या आगीत बाधित झाली आणि नंतर ती इमारत पाडण्यात आली. लेखक-कार्यशाळा मात्र १९८७ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर वीस वर्षांनीही चालू होती. त्या वर्षी कॅरोल पार्क्स यांनी तिच्या सभासदांच्या लेखनाचे संकलन प्रसिद्ध केले. थर्ड वर्ल्ड प्रेसचे प्रकाशनकार्य त्यानंतरही चालू राहिले. २०१७ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयातील ‘सोल ऑफ अ नेशन’ या प्रदर्शनात या भिंतीला आणि ॲफ्रिकोब्राच्या चित्रांना स्थान मिळाले. त्याच वर्षी अब्दुल अल्कलिमात, रोमी क्रॉफर्ड आणि रिबेका झोराक यांनी संपादित केलेला भिंतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाडलेल्या भिंतीचा इतिहास लिहिता आला तो तिच्या छायाचित्रांमुळे, आणि ती रंगवणाऱ्यांनी वेळोवेळी लिहून ठेवलेल्या मजकुरामुळे.

८. मराठीतील संदर्भ

मराठी साहित्यविचाराला या इतिहासाची ओळख वाङ्मयाच्या मार्गाने झाली. अमेरिकेत अध्ययन करून आलेले म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात कृष्णवर्णीय साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने अमेरिकेतील ब्लॅक पँथर संघटनेवरूनच नाव घेतले. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ (१९७८) या ग्रंथाने त्या परंपरेचा विस्तृत परिचय करून दिला. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथातही दोन साहित्यांची तुलना आहे. या चर्चेत आशय, विद्रोह आणि सौंदर्यकल्पना यांवर स्वाभाविकपणे भर राहिला.

तुलनेचा आणखी एक धागा मात्र संस्थात्मक व्यवहाराचा आहे. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाला जोडून लेखक-वाचक मेळावे भरवले. त्यांत लेखक आपल्या वाचकांसमोर उभा राहत असे आणि वाचकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार असे. हे मेळावे शिकागोच्या अनुकरणातून आले, असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांची मुळे आंबेडकरी सभा, जलसे आणि साहित्यसंमेलने यांच्या परंपरेत आहेत. परंतु प्रस्थापित समीक्षा ज्या लेखनाला मोजमाप देऊ शकत नाही, त्याचे मोजमाप ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्यांच्यासमोर व्हावे, ही गरज दोन्हीकडे सारखी होती. समाज म्हणजे कोण, त्याच्या वतीने कोण बोलते आणि त्यात स्त्रियांचा आवाज कितपत ऐकला जातो, हे ४३ व्या रस्त्यावर निर्माण झालेले प्रश्न मराठी दलित साहित्याच्या इतिहासातही वेगळ्या रूपांत उभे राहिले आहेत.

दोन साहित्यांतील प्रभावाचा शोध घेताना ग्रंथांची तुलना अपुरी ठरते, ती या कारणाने. सौंदर्यशास्त्र जेथे घडले त्या बैठका, वाचने, मेळावे आणि वाद यांची तुलनाही व्हायला हवी. शिकागोच्या कार्यशाळांनी समीक्षेचा अधिकार एका केंद्राकडून काढून वस्तीतील अनेकांच्या हाती दिला. तो अधिकार जोवर उघड चर्चेतून वापरला गेला, तोवर त्यातून नवी परिभाषा, नवी नियतकालिके आणि नवे वाचक निर्माण झाले. चर्चा टाळून तो वापरला गेला तेव्हा एका सहकाऱ्याचे चित्र पुसले गेले.